रात्रपाळीच्या टेबलावरून ऑपरेशन्स मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत: पुण्यात वाहतुकीच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

पहाटेचे साडेतीन. चाकणच्या एका गोदामाच्या गेटवर बारा गाड्या उभ्या आहेत. माल चढवा-उतरवायचे डॉक आठच. दोन ड्रायव्हरांचे फोन लागत नाहीत, आणि एका कंटेनरला दुपारच्या आत न्हावा शेवा बंदरात पोचायचंय, नाहीतर जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, चुकेल. कोणती गाडी आधी आत घ्यायची? हे ठरवणाऱ्याच्या ओळखपत्रावर मॅनेजर असं लिहिलेलं नसतं. तो शिफ्ट इन्चार्ज असतो, डिस्पॅच सुपरवायझर असतो, कधी नुसता लोडिंग क्लार्क असतो. साहेब साडेनऊला येतात तोवर रात्रीचे सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. ऑपरेशन्स म्हणतात ते हेच काम.

मीही अशाच टेबलावरून सुरुवात केली. आता माझ्याकडे दरवर्षी लातूर, बीड, सोलापूर, बुलडाण्याकडून आलेली मुलंमुली कामाला लागतात आणि पहिल्याच महिन्यात विचारतात, "सर, यात पुढं काय आहे?" पुढं बरंच आहे, पण ते आपोआप येत नाही. पाळीत नुसती वर्षं काढली तर दहा वर्षांनीही माणूस त्याच टेबलावर दिसतो. म्हणून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी: दार निवडा

नोकरी घेताना पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा: या खुर्चीच्या वरची खुर्ची कोणती, आणि आज त्या खुर्चीवर बसलेला माणूस कुठून आला? तो खालूनच आला असेल तर जागा चांगली. सगळे वरचे लोक बाहेरूनच आणले जात असतील, तर दोन हजार रुपये जास्त मिळत असले तरी थांबून विचार करा.

पुण्यात दारं मुख्यतः चार.

एसटी आणि पीएमपी (पुणे-पिंपरी चिंचवडची शहर बससेवा) हे पहिलं. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून या खात्याची शिडी बऱ्यापैकी तीच आहे: चालक किंवा वाहक, मग वाहतूक नियंत्रक, सहायक वाहतूक निरीक्षक, वाहतूक निरीक्षक आणि पुढे आगार व्यवस्थापक. वरच्या काही जागा सरळसेवेनेही भरतात, त्यामुळे पदवी असेल तर दोन्ही बाजूंनी संधी असते. पीएमपी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. तिच्याकडे स्वतःच्या गाड्या आहेत आणि ठेकेदारांच्याही, आणि ठेक्याच्या गाडीवर ड्रायव्हर ठेकेदाराचा असतो. तेव्हा 'पीएमपीत ड्रायव्हर' अशी नोकरी कोणी सांगितली की नेमणूकपत्रावर नाव कोणाचं आहे ते आधी पाहा. दोन्हींच्या बढतीच्या वाटा वेगळ्या आहेत.

दुसरं दार रेल्वेचं. शिडीच्या बाबतीत हे सगळ्यांत स्पष्ट दार आहे असं माझं मत आहे. पदवीधर असाल तर रेल्वे भरती मंडळाच्या एनटीपीसी (नॉन-टेक्निकल पॉप्युलर कॅटेगरी) परीक्षेतून स्टेशन मास्तर (सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३५,४०० रुपये) किंवा मालगाडीचा ट्रेन मॅनेजर (२९,२००) होता येतं. २०२२ पर्यंत याच पदाला गार्ड म्हणत. बारावीवर ट्रेन्स क्लार्क किंवा तिकीट क्लार्क. दहावी-आयटीआयवाल्यांना पॉइंट्समन (गाड्यांचे रूळ बदलणारा कर्मचारी) म्हणून लेव्हल १ ला, म्हणजे १८,००० मूळ वेतनावर, लागता येतं आणि खात्यांतर्गत परीक्षा देत वर जाता येतं. स्टेशन मास्तरसाठी संगणकावरची अभियोग्यता चाचणी असते आणि वैद्यकीय तपासणीत डोळ्यांचे निकष कडक असतात. रंगांधळेपणा असेल तर तयारीत दोन वर्षं घालण्याआधी डोळे तपासून घ्या. दोन वर्षं अभ्यास करून शेवटी वैद्यकीय तपासणीत बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. निवड झाली की मध्य रेल्वेचं प्रशिक्षण भुसावळला. पुढे सेक्शन कंट्रोलर, ट्रॅफिक इन्स्पेक्टर, आणि विभागीय निवडीतून सहायक परिचालन व्यवस्थापक.

मेट्रो तिसरं. ६ मार्च २०२२ ला पहिले टप्पे सुरू झाले, २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट जोडलं गेलं. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिका सार्वजनिक-खासगी भागीदारीतली, डेपो माणला. स्टेशन कंट्रोलर, ट्रेन ऑपरेटर या जागांना बहुतेकदा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा मागतात. तिकीट खिडकी, ग्राहक साहाय्य ही कामं पुष्कळदा एजन्सीमार्फत असतात. एजन्सीच्या कामातून अनुभव मिळतो, पण तिथून मेट्रोच्या कायम नोकरीत सरकता येतं असं कोणी सांगितलं तर लेखी मागा.

चौथं दार मालाचं: चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाघोली, फुरसुंगी, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर. इथे परीक्षा नाही, वयाची अट नाही, भरती बाराही महिने. पिकर, पॅकर, लोडिंग क्लार्क, डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह, मग शिफ्ट इन्चार्ज, हब मॅनेजर. सगळ्यांत लवकर वर जाता येतं ते इथे, आणि सगळ्यांत जास्त लोक अर्ध्यात सोडतात तेही इथेच. लोहगाव विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या तीन पाळ्या असतात. तिथे प्रवेशपासासाठी पोलीस पडताळणी लागते, म्हणून कागद स्वच्छ ठेवा.

कोणत्याही दारासाठी कोणी 'सेटिंग'चे पैसे मागितले तर देऊ नका. एसटी, पीएमपी, मेट्रो, रेल्वे सगळ्यांच्या जाहिराती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात.

दुसरी पायरी: कागद आणि परवाने

ड्रायव्हिंगच्या बाजूने जायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा. अठरा पूर्ण झाली की हलक्या वाहनाचा परवाना, तो हातात येऊन एक वर्ष झालं की व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना, आणि व्यावसायिक वाहनासाठी वय किमान वीस. म्हणजे अठराव्या वर्षीच हलक्या वाहनाचा परवाना काढून ठेवला तर दोन वर्षं वाया जात नाहीत. कंडक्टरसाठी आरटीओचा परवाना आणि बिल्ला लागतो, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आधी करून ठेवा.

ऑफिसच्या बाजूने जाणाऱ्यांनीही हलक्या वाहनाचा परवाना काढावा. यार्डात गाडी दोन फूट मागं घ्यायची वेळ येते म्हणून नव्हे, तर ड्रायव्हरला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे कळावं म्हणून. भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, १९६७ पासूनची. देशभरातल्या एसटी महामंडळांचे अधिकारी तिथे प्रशिक्षणाला येतात. कंपनी पाठवत असेल तर कोणताही छोटा कोर्स सोडू नका.

नेमणूकपत्रात तीन गोष्टी बघा: मालक कोण (कंपनी की ठेकेदार), पाळीचे तास, पीएफ. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा, त्यापुढचा ओटी (जादा काम) दुप्पट दराने. पीएफचे बारा टक्के पगारातून कापले गेले तर ते खात्यात पडले का, हे उमंग अॅपवर दर तीन महिन्यांनी पाहा. नोकरी बदलली की जुनं खातं त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) वळवून घ्या. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा धरतात, ती तुटक राहिली तर नुकसान तुमचंच. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगार विमा) कार्ड मागून घ्या.

तिसरी पायरी: खोली कुठे घ्यायची

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण नोकरी सोडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. चाकणला नोकरी लागली आणि मित्र कात्रजला राहतात म्हणून कात्रजला खोली घेतली, तर रात्रपाळी सुटल्यावर नाशिक फाटा, स्वारगेट करत घरी पोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. झोप मिळते चार तास. दोन महिन्यांत माणूस चिडचिडा होतो, तिसऱ्या महिन्यात दांड्या, चौथ्यात राजीनामा.

चाकणसाठी मोशी, भोसरी, आळंदी फाट्याच्या बाजूला बघा. कंपनीची बस कुठून जाते ते आधी विचारा आणि थांब्यापासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी खोली घ्या. खोलीत सोबतीला असलेले शक्यतो पाळीवालेच असावेत. दिवसा झोपणाऱ्या माणसाबरोबर कॉलेजची मुलं राहिली तर दोघांचेही हाल. मेसवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा की रात्रपाळी आहे, डबा संध्याकाळी सहाला लागेल. बहुतेक जणी करून देतात.

मुलींसाठी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची असते. घरापर्यंत गाडी, गाडीत सुरक्षारक्षक, स्वच्छतागृह याबद्दल मुलाखतीतच विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही. जात असेल तर ती जागा तुमच्यासाठी नव्हतीच. आणि रात्रपाळी पूर्णपणे टाळण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. ज्यांना रात्रीचा इन्चार्ज कधी केलंच नाही, त्यांचं नाव बढतीच्या वेळी मागं पडतं. सुरक्षित व्यवस्था मागून घ्या आणि त्या पाळ्याही करा.

चौथी पायरी: पहिले सहा महिने वही ठेवा

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर हे करा. दोनशे पानी वही घ्या. रोज पाळी संपल्यावर दहा मिनिटं लिहा: किती वाजता काय अडलं, कोणती गाडी, कोणाला सांगितलं, निर्णय किती वाजता झाला, पुढं काय झालं. पाच रकाने, बास.

तीन महिन्यांनी मागची पानं उलटली की वही बोलायला लागते. माझ्या वहीत दिसलं की आमच्या गोदामात गाड्या तुंबतात त्या बहुतेक रात्री एक ते तीनमध्ये. सगळे म्हणायचे, लोडर कमी आहेत. वही सांगत होती की दोन ट्रान्सपोर्टर आपल्या सगळ्या गाड्या जेवणं उरकून एकाच वेळी लावतात. लोडर तेवढेच ठेवले आणि गाड्यांच्या वेळा वाटून दिल्या, तर रांग मोडेल असं मला वाटलं. एका कागदावर तीन महिन्यांचे आकडे मांडले आणि साहेबांना दिले. त्यांनी पंधरा दिवस करून पाहिलं आणि रांग खरोखर मोडली. त्यानंतर महिन्याच्या बैठकीत मला बोलवायला लागले.

बसच्या डेपोत हीच वही वेगळे आकडे पकडते: सकाळी ठरलेल्यापैकी किती गाड्या वेळेत बाहेर पडल्या, ब्रेकडाऊन कोणत्या मार्गावर, किती किलोमीटर रद्द झाले, भारमान (म्हणजे गाडी किती भरली) किती. रेल्वेत तर नोंद हेच काम आहे, तिथे स्वतःची वेगळी वही शिकण्यासाठी ठेवा.

पाचवी पायरी: चार्ज (पाळीचा ताबा) नीट घ्या, नीट द्या

पाळी बदलतानाची पंधरा मिनिटं सगळ्यांत धोक्याची. जाणाऱ्याला घर दिसत असतं, येणाऱ्याची झोप उतरलेली नसते. पहिल्या वर्षात मी एकदा एका गाडीच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर तोंडी सांगून निघालो. सकाळी ग्राहकाकडे माल कमी भरला, सील कोणतं होतं ते कोणीच खात्रीने सांगू शकलं नाही, आणि भरपाईचा काही भाग त्या ड्रायव्हरच्या माथी मारला गेला. चूक माझी होती. त्या मामांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून लिहिल्याशिवाय चार्ज देत नाही आणि वाचून सही केल्याशिवाय घेत नाही.

काय लिहायचं: आत असलेल्या गाड्या आणि त्यांचे सील, अर्धवट लोडिंग, येणं बाकी असलेल्या गाड्या, बंद पडलेली यंत्रं, कोणाला काय कबूल केलंय, आणि मुदत संपत आलेली ई-वे बिलं, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीत लागणारी ऑनलाइन बिलं. या शेवटच्या गोष्टीवर नवे लोक हमखास अडकतात. पन्नास हजारांवरच्या मालाला (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर) ई-वे बिल लागतं, आणि साधारणपणे दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय ती हलवायची नाही. मुदत संपत असेल तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत वाढवून घेता येते. ज्याला हे रात्री दोन वाजता कोणाला न उठवता जमतं, त्याच्यावर टेबल सोपवलं जातं.

सहावी पायरी: पुण्याचं वर्ष पाठ करा

वाहतूक चालवणाऱ्यासाठी पुण्याचं कॅलेंडर वेगळं आहे. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून आणि माउलींची आळंदीहून निघते. दोन्ही पुण्यात नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात. मग हडपसरला वाटा फुटतात, माउली दिवे घाटाने सासवडला आणि तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवसांत फुरसुंगीच्या गोदामातून माल कसा काढायचा, सासवडच्या बस कुठून वळवायच्या, हे आठवडाभर आधी कागदावर असायला हवं. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, टिळक रस्त्याच्या बस वळवतात, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, मेट्रोच्या वेळा वाढतात, म्हणजे तिथल्या सगळ्या पाळ्या बदलतात. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला येणाऱ्या गर्दीमुळे नगर रस्त्याची वाहतूक वळवतात, रांजणगावच्या गाड्या त्याआधी किंवा नंतर काढाव्या लागतात. दिवाळीआधी हबमध्ये पार्सलांचे डोंगर. पावसाळ्यात मुंबईच्या वाटेवर बोरघाटाची अडचण.

नवीन माणूस हे सगळं संकट म्हणून बघतो. तुम्ही पहिल्याच वर्षी प्रत्येक प्रसंगाचं एक पान लिहा: कोणता रस्ता कधी बंद झाला, पोलिसांचं पत्रक कधी आलं, आपण किती गाड्या आधी काढल्या, कुठे फसलो. दुसऱ्या वर्षी पालखीच्या दहा दिवस आधी ते पान घेऊन साहेबांकडे जा. मॅनेजर निवडताना वरचे लोक हेच शोधत असतात: याला पुढचा आठवडा दिसतो का?

सातवी पायरी: टेबल मागा

गाडी आणि ऑफिस यांच्या मधलं एक टेबल असतं. डेपोत ड्युट्या लावणारा, म्हणजे अलोकेशनचा माणूस. रेल्वेत कंट्रोल. गोदामात डिस्पॅच प्लॅनिंग. आठ ड्रायव्हर रजेवर असताना सत्तर गाड्या कशा काढायच्या हे तिथे शिकायला मिळतं. वर्ष-दीड वर्ष झालं की तिथे बदली मागा, सुरुवातीला रजेवर गेलेल्याच्या जागी का होईना. लोक हे टेबल टाळतात, कारण सगळ्यांचे रुसवे तिथेच येतात. एकाला रात्रवस्तीची गाडी नको, दुसऱ्याला साप्ताहिक सुट्टी रविवारीच हवी.

तिथे बसलात की एक पथ्य पाळा: ड्युट्यांचा हिशोब भिंतीवर लावा. कोणाला महिन्यात किती रात्री आल्या, किती सण गेले, सगळ्यांना दिसू द्या. वयाने मोठ्या ड्रायव्हरांना मामा-काका म्हणून, आदराने, पण नियम सगळ्यांना सारखा. ओळखीच्याला एकदा हलकी ड्युटी दिली की पुढची दोन वर्षं तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

झोप आणि शिक्षण

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यांत सुस्त असतं. त्या वेळेत सही करायची कागदपत्रं दोनदा वाचा, यार्डात गाडी मागं घेताना माणूस उभा करा. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरल्या तर शरीराला सोसतात, उलट फिरल्या तर जड जातं. ड्युटी चार्ट बनवायची वेळ तुमच्यावर आली तर हे लक्षात असू द्या. घरी खिडकीला जाड काळा पडदा, पाळीच्या शेवटच्या तासांत चहा बंद, आणि रात्रपाळी करून लगेच दुचाकीवरून गावाला निघायचं नाही. कितीही सण असो.

पदवी नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येते. व्यवस्थापनाच्या जागेच्या जाहिरातीत पदवीची अट बहुतेक असतेच, आणि तिशीत कळून उपयोग होत नाही. त्याच्या जोडीला एक्सेल, पिव्होट टेबल (आकड्यांचा गोषवारा काढायची सोय) येईल इतपत तरी. इंग्रजीत रोज एक ईमेल स्वतः लिहा, कितीही छोटी असली तरी.

मुलाखतीला जाताना

तीन-चार वर्षांनी शिफ्ट इन्चार्जच्या किंवा असिस्टंट मॅनेजरच्या जागेला अर्ज कराल तेव्हा 'मी मेहनती आहे' हे सांगण्यात वेळ घालवू नका. दोन कागद न्या. एकावर तुम्ही सोडवलेला एक प्रश्न: आधीचा आकडा, काय बदललं, नंतरचा आकडा. दुसऱ्यावर तुम्ही केलेली एक चूक आणि त्यानंतर पद्धत काय बदलली. माझ्या मुलाखतीत मी सील नंबरची गोष्ट सांगितली होती, आणि समोरच्या तिघांनी अर्धा तास फक्त त्यावरच प्रश्न विचारले. आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो, तेव्हा उमेदवाराची वही मागतो. फाटकी, चहाचे डाग पडलेली असली तरी चालते, तारखा सलग असाव्यात.